भोगीपासून उलटी मोजायची बाग

हिवाळी भाज्या लावायच्या म्हटलं की मी आधी भोगीचा विचार करते. संक्रांतीच्या आदल्या दिवशीच्या त्या एका भाजीत हिवाळ्याची अख्खी परसबाग असते: ओला वाटाणा, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, गाजर, वांगं, घेवडा. तीळ, बोरं आणि भाकरीची बाजरी मी बाजारातून आणते. बाकी सगळं घरच्या मातीतलं असावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून १३-१४ जानेवारी ही तारीख पक्की धरायची आणि तिथून मागे दिवस मोजत प्रत्येक भाजीची पेरणी ठरवायची. हे एकदा केलं की "आता काय लावू?" हा प्रश्न उरत नाही. पालेभाज्या मधल्या फटींत बसतात.

मी नाशिकला राहते, माहेर निफाड तालुक्यातलं. घरामागे बारा फूट बाय वीस फूट जागा आहे, काळी माती, दक्षिणेच्या टोकाला पाच फुटांची भिंत. पुढे लिहिलंय ते या जागेच्या हिशोबाने. पुणे, सातारा, अहिल्यानगर, संभाजीनगर या बाजूला तारखा जवळपास अशाच चालतील. मुंबईत आणि कोकणात थंडी उशिरा येते आणि बेताची पडते. तिथे सगळं दहा-पंधरा दिवस पुढे ढकला, आणि वाटाणा-फ्लॉवरच्या मागे न लागता वाल, मुळा, लाल माठ, वांगी लावा. ती तिथे अशी येतात की आम्हाला हेवा वाटावा.

सण नको, नक्षत्र धरा

"गणपतीत रोपं टाका, दसऱ्याला पेरा, दिवाळीत लावा" असं सांगायची पद्धत आहे. ऐकायला सोपं, पण सण चंद्रावर चालतात. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे तो २० ऑक्टोबरला. अठरा दिवसांचा फरक पडला, आणि गाजराच्या बीला अधिक महिना कळत नाही. आमचे अण्णा पावसाची नक्षत्रं धरून पेरायचे. ती सूर्याची, म्हणून तारखा दरवर्षी त्याच, फार तर एखादा दिवस इकडेतिकडे: उत्तरा १३ सप्टेंबरच्या सुमारास लागतं, हस्त २७ सप्टेंबरला, चित्रा १० ऑक्टोबरला, स्वाती २४ ऑक्टोबरला. भोगीही सूर्याच्याच हिशोबाची, त्यामुळे दोन्हींचा मेळ छान बसतो.

आता मोजा. गाजराला शंभर दिवस धरा. भोगीपासून शंभर दिवस मागे गेलं की ५ ऑक्टोबर येतो, म्हणजे हस्त. पावटा त्याहून थोडा सावकाश, तो हस्त लागता लागता जमिनीत गेला पाहिजे. हरभऱ्याचे घाटे भरायला ऐंशी-नव्वद दिवस, म्हणजे चित्रा. वाटाण्याची 'अर्केल'सारखी लवकर येणारी जात साठ-पासष्ट दिवसांत तोडणीला येते. तोडे दोन-तीन मिळावेत म्हणून तो स्वातीत, ऑक्टोबर संपता संपता पेरायचा. घेवड्याला पन्नास-साठ दिवस पुरतात, तोही स्वातीतच. वांग्याचं रोप जमिनीत लागल्यापासून फळ हाती यायला दोन-अडीच महिने जातात आणि त्याआधी रोप तयार व्हायला पाच-सहा आठवडे. म्हणून वांग्याचं बी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पडायला हवं. ते हुकलं असेल तर चिंता नको, रोपवाटिकेतून तयार रोपं आणा.

ऊन आधी, वाफे नंतर

या भागावर मी जास्त बोलणार आहे, कारण जागा निवडताना लोक सप्टेंबरचं ऊन बघतात आणि पीक मात्र डिसेंबरच्या उन्हात वाढतं.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो. नाशिकला सप्टेंबरच्या शेवटी दुपारी साडेबाराच्या सुमारास तो आकाशात साधारण सत्तर अंशांवर असतो, २१-२२ डिसेंबरला जेमतेम शेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांवर. त्यामुळे माझ्या पाच फुटी भिंतीची भरदुपारची सावली सप्टेंबरात दोन फुटांच्या आतच संपते, पण डिसेंबरात जवळजवळ पावणेपाच फुटांपर्यंत येते. सप्टेंबरात ज्या जागी लख्ख ऊन दिसतं, तिथलं टोमॅटोचं झाड ऐन फुलांच्या दिवसांत सावलीत जातं आणि नुसतं उंच होत राहतं. पुढच्या इमारतीची सावलीही याच हिशोबाने लांबते. तुमच्या दक्षिणेला जे काही उभं असेल, भिंत, टाकी, शेजाऱ्यांचा जिना, त्याच्या उंचीइतकी जमीन डिसेंबरात सावलीत जाणार असं धरून चाला.

म्हणून माझ्याकडे वाटणी ठरलेली आहे. भिंतीलगतच्या पाच फुटांत पालक, कोथिंबीर, मेथी, चुका. पालेभाज्यांना चार तासांचं ऊन पुरतं. मधल्या भागात कंद आणि मुळं: गाजर, मुळा, बीट, लसूण, नवलकोल. सगळ्यात उत्तरेला, जिथे सहा-सात तास ऊन मिळतं, तिथे वांगी, टोमॅटो आणि काटक्यांवर चढणारा वाटाणा. उंच झाडं उत्तरेला असली की त्यांची सावली कुणाच्या डोक्यावर पडत नाही.

बारा फुटांच्या रुंदीत तीन वाफे बसतात, प्रत्येकी तीन फूट रुंद, मधे दीड-दीड फुटाच्या वाटा. तीन फुटांपेक्षा रुंद वाफा करू नका. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, म्हणजे वाफ्यात पाय ठेवायची वेळ येत नाही. काळ्या मातीवर एकदा पाय पडला की ती दबून बसते आणि मुळांना वाट राहत नाही.

वाफसा

पाऊस थांबला की कुदळ घ्यायला हात शिवशिवतात. हस्ताचा पाऊस अजून यायचा असतो आणि मधे चार दिवस कडक ऊन पडतं. त्या चार दिवसांत काळी माती वरून सुकलेली दिसते आणि खाली चिकट असते. तशीच खणली तर ढेकळं निघतात, ती उन्हात विटांसारखी कडक होतात आणि मग सबंध हंगाम फुटत नाहीत.

वाफसा, म्हणजे माती चिखलही नाही आणि कोरडीही नाही अशी खणण्याजोगी ओल, आला की नाही हे हातानेच कळतं. वीतभर खोल खुरपं घालून तळाची मूठभर माती घ्या. दाबून लाडू वळा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. खाली पडून लाडू भुगा झाला तर वाफसा आहे, खणायला घ्या. चपटा होऊन तसाच बसला तर दोन दिवस थांबा. लाडू वळलाच नाही तर माती फार सुकली. संध्याकाळी भरपूर पाणी द्या आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघा. लाल किंवा मुरमाड जमीन एका दिवसात वाफशावर येते. काळीला तीन-चार दिवस द्यावे लागतात.

खणून झालं की तीन बाय दहा फुटांच्या वाफ्याला दोन-तीन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळा. खत कुजलं आहे का हे बघायला त्यात हात घाला. आत गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर ते अजून कच्चं आहे. खत पसरताना पांढऱ्या, जाड, तपकिरी डोक्याच्या, अंग मुडपून पडलेल्या अळ्या दिसल्या तर वेचून काढा. ही हुमणी, मुळं खाते, आणि बहुतेक वेळा कच्च्या शेणखतातूनच घरात येते. गाजर-मुळ्याच्या वाफ्याला तर ताजं खत अजिबात नको. त्याने गाजराला दोन-दोन, तीन-तीन फाटे फुटतात. त्या वाफ्यात मी दोन घमेली वाळूही टाकते, काळ्या मातीत सरळ गाजर हवं असेल तर ती लागतेच.

वाफा वीतभर उंच करा, गादीवाफा. हस्त-चित्राची सर आली तर पाणी वाटेत उतरतं आणि बी सडत नाही. "पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती" हे खरं आहे, पण पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीसाठी.

बी कुठून आणायचं

मेथी, धणे, हरभरा, मोहरी आणि लसूण किराण्यातले चालतात. फक्त यंदाचे असावेत. वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून चार-पाच दिवस ठेवा (धण्यांना दहा-बारा दिवस द्या). चौदा-पंधरा उगवले तर बी चांगलं. दहाच उगवले तर दीडपट टाका. त्याहून कमी असतील तर फोडणीला वापरा. घटस्थापनेला घटाभोवती जे धान्य पेरतो, त्यातही घरच्या बियाण्याची परीक्षा होतेच, उगवण नीट बघत चला.

गाजर, पालक, मुळा, वाटाणा, कोबीवर्गीय बी कृषी सेवा केंद्रातून घ्या आणि पाकिटावरची तारीख वाचा. गाजरात हस्तात पेरायला 'पुसा केसर' योग्य. ते आपल्याकडचं लाल गाजर आहे, ऑक्टोबरचं ऊन सोसतं. केशरी 'नांत' जातीला गारवा लागतो, ती नोव्हेंबरात पेरा. मुळ्याचंही तसंच: 'पुसा चेतकी' उष्ण दिवसांची, 'पुसा हिमानी' कडक थंडीची. वांग्यात मला 'मांजरी गोटा' फार आवडतं, भरल्या वांग्याला त्याच्यासारखं दुसरं नाही.

एक काळजी मात्र नक्की घ्या. पाकिटातलं बी गुलाबी, निळं किंवा हिरवं दिसलं तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. हातमोजे घालून पेरा, मुलांच्या हाती देऊ नका, उरलेलं बी पाखरांना टाकू नका आणि स्वयंपाकघरात तर ठेवूच नका.

हस्त: गाजर, पावटा, मुळा आणि पहिली मेथी

गाजराचं बी बारीक आणि उगवायला आळशी, दहा-पंधरा दिवस घेतं. चिमूटभर बी मूठभर कोरड्या वाळूत मिसळा, म्हणजे एका जागी गर्दी होत नाही. वीतभर अंतरावर बोटाने अर्धा इंच खोल रेघा ओढा, त्यात सोडा, वर चाळलेलं खत भुरभुरा आणि हलक्या हाताने दाबा. मग वाफ्यावर ओलं गोणपाट अंथरा. ऑक्टोबरच्या उन्हात मातीचा वरचा थर दोन तासांत सुकतो आणि फुटलेला कोंब तिथल्या तिथे मरतो. गोणपाट दिवसातून दोनदा झारीने भिजवा. आठव्या दिवसापासून रोज संध्याकाळी कोपरा उचलून बघा. हिरवी टोकं दिसली की त्याच संध्याकाळी गोणपाट काढा. सकाळी काढलं तर कोवळे कोंब एका दुपारीत करपतात.

गाजराच्या ओळीतच मी अधूनमधून मुळ्याचा एखादा दाणा टाकते. मुळा चार दिवसांत वर येतो, ओळ कुठे आहे ते दाखवतो, आणि गाजर अंग धरेपर्यंत खाऊनही होतो.

पावट्याचे दाणे दोन-दोन, इंचभर खोल, फुटाफुटावर. झुडपी जात घेतली तर मांडव लागत नाही.

मेथीला काहीच करावं लागत नाही. भिंतीलगत तीन बाय चार फुटांच्या तुकड्यात वीस-पंचवीस ग्रॅम दाणे फोका, खुरप्याने माती हलवून झाका, पाणी द्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगवते, महिन्याच्या आत भाजी होते. एकदम सगळा वाफा मेथीने भरू नका. दर दहा-बारा दिवसांनी एक तुकडा पेरत राहिलं की फेब्रुवारीपर्यंत मेथी संपत नाही.

चित्रा: हरभरा, कोथिंबीर, पालक, वांग्याची रोपं

एका धण्यात दोन बिया असतात. अख्खा पेरला तर तो वेळ लावतो आणि उगवणही विरळ होते. धणे पाटावर पसरा आणि त्यांच्यावरून लाटणं हलका दाब देत फिरवा. टचटच आवाज येतो, प्रत्येक धण्याचे दोन अर्धे होतात. फार जोर दिलात तर आतली बी चिरडते आणि धणेपूड होते, म्हणून चार-पाच वेळा लाटणं फिरवून वरचेवर बघत राहा. मग रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी ओल्या फडक्याची पुरचुंडी बांधून दिवसभर सावलीत ठेवा. संध्याकाळी थोड्या राखेत घोळून ओळीत पेरा. अशी कोथिंबीर आठ-दहा दिवसांत वर येते आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांत कापणीला होते.

पालकाचं बीही रात्रभर भिजवा. महिन्याभरात पहिली कापणी. जमिनीपासून दोन बोटं सोडून कापा, मधला कोंब राखा, म्हणजे पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा कापता येतो.

हरभरा फुटाच्या ओळीत, चार बोटांवर एक दाणा, दोन इंच खोल. त्याला पाणी कमीच लागतं, दर तीन-चार दिवसांनी द्याल तर नुसता पाला वाढेल. महिन्याने, फुलं यायच्या आधी, शेंडे खुडा. ही खुडणी म्हणजे भाजीही आणि झाडाला फुटवाही, कारण शेंडा गेला की बाजूने फांद्या येतात आणि पुढे घाटे जास्त धरतात. भल्या सकाळी खुडायला गेलात तर पानांवरची आंब बोटांना लागते. ती पानांवरच्या केसांतून पाझरते, मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं त्यात. जीभ लावून बघा, झणझणीत आंबट. हातावर चीर असेल तर झोंबते, तेव्हा दव सुकल्यावर खुडा. भाजी मात्र धुऊ नका असं आमच्या सासूबाई निक्षून सांगत, कारण चव त्या आंबेतच आहे. औषध न फवारलेली, घरचीच भाजी असेल तरच हे ऐकावं.

वांग्याची रोपं दोन-दोन फुटांवर, संध्याकाळी लावा. चार माणसांच्या घराला तीन झाडं भरपूर होतात. टोमॅटोची चार रोपं याच सुमारास. रोपवाटिकेत उंच, पिवळट, लवलवणारी रोपं टाळा. पाच-सहा पानांची, जाड बुंध्याची, बुटकी रोपं निवडा. टोमॅटोच्या दोन्ही बाजूंना झेंडू हवा आणि तो टोमॅटोआधी फुलावर आलेला हवा, कारण फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालायला आधी त्या फुलांवर उतरतो. झेंडूच्या मुळांमुळे सूत्रकृमीही (मुळांना लागणारे सूक्ष्म जंत) आटोक्यात राहतात.

स्वाती: वाटाणा, घेवडा, लसूण, चाकवत

वाटाण्याची घाई करू नका. जमीन तापलेली असताना पेरला तर मर (रोपं सुकवणारा रोग) लागते, आणि पारा तिशीच्या वर असताना फुलं आली तर ती गळतात. पहाटे अंगावर पांघरूण ओढावंसं वाटू लागलं की पेरायचा. दाणे रात्रभर भिजवा. रायझोबियमचं (डाळवर्गीय पिकांच्या मुळांवर राहणाऱ्या उपयोगी जिवाणूंचं) पाकीट मिळालं तर गुळाच्या पाण्यात कालवून दाण्यांना चोळा आणि सावलीत सुकवून पेरा. वाटाण्याचं आणि हरभऱ्याचं रायझोबियम वेगवेगळं असतं, दुकानदाराला पीक सांगूनच मागा. ओळीत तीन बोटांवर एक दाणा, मागे तुरीच्या किंवा कसल्याही फाटेफुट्या काटक्या उभ्या रोवा. तार-दोरीपेक्षा वाटाण्याच्या तणाव्यांना काटकी आवडते.

लसणाच्या गड्ड्यातल्या बाहेरच्या मोठ्या पाकळ्या घ्या, टोक वर ठेवून इंचभर खोल, चार बोटांवर लावा. गड्डा व्हायला चार महिने लागतात, पण डिसेंबरात चार-दोन पाती कापून ठेच्यात घालायला कोण अडवतंय? कोंब आलेले कांदेही याच ओळीत पुरून टाका, तीन-चार आठवड्यांत पात मिळते.

चाकवताचं बी गाजरापेक्षाही बारीक. वाळूत मिसळून नुसतं वरवर भुरभुरायचं, मातीत पुरायचं नाही. ताकातला चाकवत ज्याने घरच्या पाल्याचा खाल्लाय तो बाजारातली जुडी घेणार नाही.

फ्लॉवरबद्दल माझं स्पष्ट मत आहे: पहिल्या वर्षी लावू नका. त्याच्या जाती तापमानाला फार घट्ट बांधलेल्या असतात. लवकरची जात उशिरा लावली की गड्डा बटणाएवढाच राहतो, उशिराची लवकर लावली की नुसती पानं. त्याऐवजी नवलकोल लावा. फुटभर अंतर, पन्नास-साठ दिवस, आणि पाल्याचीही भाजी होते.

उगवल्यानंतर

विरळणी कुणाला आवडत नाही, पण ती केलीच पाहिजे. मुळ्याला चार बोटं, गाजराला तीन बोटं मोकळी जागा हवी. दाटी राहिली तर सगळीच गाजरं पेन्सिलीएवढी होतात. आदल्या संध्याकाळी पाणी द्या, सकाळी नको ती रोपं बुडापासून कात्रीने कापा. उपटलं तर शेजारच्याचं मूळ हलतं. मुळ्याची कापलेली रोपं पीठ पेरून भाजीत घाला, वाया काही जात नाही.

हरभरा सोडून बाकीच्यांना पाणी ऑक्टोबरात रोज, नोव्हेंबरात दिवसाआड, थंडी पडली की तीन-चार दिवसांनी. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. मुळ्याला मात्र खंड पडू देऊ नका. आठ दिवस कोरडा आणि मग एकदम भरपूर पाणी, असं झालं की तो तडकतो. वाळलेलं गवत, उसाचं पाचट किंवा पालापाचोळा रोपांच्या बुडाशी अंथरला तर निम्म्या फेऱ्या वाचतात.

किडींमध्ये पहिला येतो मावा, पावट्याच्या शेंड्यांवर आणि मोहरीवर. दिसल्या दिसल्या फवारायला धावू नका, शेंडा उलटा करून नीट बघा. काळपट, अंगावर नारिंगी ठिपके असलेली, मगरीसारखी लांबट अळी तिथे फिरताना दिसली तर ते ढालकिड्याचं (लेडीबर्डचं) पिल्लू आहे आणि ते दिवसभर मावाच खातं. आठवडाभर त्याला काम करू द्या. ते नसेल आणि मावा वाढत असेल तर निंबोळी अर्क: पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, अर्धा चमचा साबणाचं पाणी घाला आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारा. अर्क त्याच दिवशी संपवायचा, शिळा कामाचा नाही.

वांग्याचा एखादा शेंडा भरदिवसा मान टाकून बसलेला दिसला तर पाणी घालत बसू नका. आत अळी आहे. चार बोटं खालून शेंडा कापा, चिरून बघा, अळी मारा. तो शेंडा कंपोस्टात टाकू नका. वाटाण्याच्या पानांवर पांढरी पूड दिसली तर ती भुरी. मी आंबट ताक दहापट पाण्यात गाळून दर आठवड्याला फवारते आणि खालची रोगट पानं काढून टाकते.

थंडीची लाट आली की आमच्याकडे पारा झपाट्याने उतरतो. निफाडला तर तो एखाद्या पहाटे पाचाच्याही खाली जातो आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. अशा रात्रीच्या आधी संध्याकाळी वाफ्यांना पाणी द्या. ओली माती दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते. टोमॅटो, वांगी आणि घेवड्यावर काठ्या रोवून जुनी चादर टाका, पानांना टेकू देऊ नका, आणि ऊन आलं की काढा. वाटाणा, पालक, लसूण, हरभऱ्याला असल्या थंडीचं काही वाटत नाही.

भोगीच्या आदल्या संध्याकाळी गाजराच्या वाफ्याला पाणी द्या, म्हणजे सकाळी ती न मोडता निघतात. पावट्याच्या आणि कोथिंबिरीच्या सगळ्यात जोमदार एकेका झाडाला दोरा बांधून ठेवा आणि त्याला हात लावू नका. ते बियाण्याचं. शेंगा आणि धणे झाडावरच वाळू द्या, बी उन्हात दोन दिवस तापवा, राखेत घोळून काचेच्या बरणीत ठेवा आणि वर जात, तारीख लिहून चिठ्ठी चिकटवा. संकरित टोमॅटोचं बी असं धरू नका, पुढच्या वर्षी झाड आईसारखं निघत नाही. गाजर-मुळ्याचे वाफे जानेवारीअखेर रिकामे होतात; एक-एक घमेलं खत घालून त्यांत फेब्रुवारीच्या सुरुवातीला भेंडी आणि गवार पेरता येते.